बंद कार्डांची बखर

दिवाळीची सुट्टी संपून कारखाने उघडतात, त्या सकाळी माझा फोन सातच्या आत वाजतो. गेल्या पस्तीसेक वर्षांत हे चुकलेलं नाही. पलीकडचा माणूस भोसरीचा असो, चाकणचा असो की कोल्हापूरच्या उद्यमनगरातला, तक्रार तीच : "साहेब, सुट्टीआधी मशीन ठणठणीत होतं. आज चालूच होत नाही. स्क्रीनवर भलतंच काहीतरी येतंय."

मी विचारतो, "मेन स्विच बंद करून गेला होतात का?"

"हो, पाच दिवस."

मग मला पुढचं कळतं. जुन्या सीएनसी यंत्राची सगळी मापं, त्याचे अक्ष किती सरकायचे, कुठे थांबायचे, मोटरला किती प्रवाह द्यायचा, हे सारं एका अशा स्मृतीत साठवलेलं असतं की वीज गेली की ती रिकामी होते. यंत्र बंद असताना तिला जिवंत ठेवतो तो एक छोटासा लिथियमचा सेल. सेल म्हातारा झाला तरी रोजच्या कामात ते कळत नाही, कारण रात्रीचे काही तास तो कसेबसे काढतो. दिवाळीचे पाच दिवस त्याला झेपत नाहीत. आणखी एक गंमत अशी, की हा सेल यंत्र चालू असतानाच बदलायचा असतो. एखादा सावध इलेक्ट्रिशियन आधी मेन बंद करतो, मग सेल काढतो, आणि सुरक्षिततेचा नियम पाळल्याची शिक्षा म्हणून यंत्राची सगळी आठवण पुसून बसतो.

कारखान्यांतल्या स्वयंचलित यंत्रांची इलेक्ट्रॉनिक कार्डं दुरुस्त करणं हा माझा व्यवसाय. पुण्याच्या औद्योगिक पट्ट्यात तो वाढला, त्यातल्या बऱ्याच भागाचा मी साक्षीदार आहे. या धंद्याचा इतिहास लिहावा असं मनात आलं तेव्हा पहिली अडचण साधनांची आली. कारखान्यांच्या इतिहासाला कोनशिला असते, उद्घाटनाचं छायाचित्र असतं, रौप्यमहोत्सवी स्मरणिका असते. दुरुस्तीला यातलं काहीच नसतं. तिची कागदपत्रं म्हणजे डिलिव्हरी चलन, परत येणाऱ्या मालाचा गेटपास आणि दुरुस्त करणाऱ्याची स्वतःची वही. चलन वर्ष संपलं की रद्दीत जातं. वहीचं काय होतं ते पुढे सांगतो, कारण हा लेख लिहिण्याचं खरं कारण तेच आहे.

रिलेंची भिंत

आज ज्याला पीएलसी म्हणतात, त्या यंत्राचा जन्मच मुळी दुरुस्तीच्या कटकटीतून झाला, हे फारसं कुणी सांगत नाही. १९६०च्या दशकात अमेरिकेतल्या मोटार कारखान्यांत यंत्रांचं नियंत्रण रिले करत. रिले म्हणजे विजेच्या चुंबकाने उघड-मीट होणारी कळ. एखाद्या उत्पादन-रेषेच्या पॅनेलमध्ये असे शेकडो रिले भिंतभर बसवलेले असत. त्यातला एक चिकटला की तो नेमका कोणता, हे शोधण्यात तास जात. मोटारीचं मॉडेल बदललं की सारी वायरिंग उपटून नव्याने करावी लागे.

१९६८ साली जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिक विभागाने रिलेंना पर्याय मागवला. त्यांच्या अटींमध्ये केवळ वेग किंवा किंमत नव्हती. यंत्र सहज दुरुस्त करता आलं पाहिजे, त्याचे भाग खोचून बसवता-काढता आले पाहिजेत, हीही अट होती. मॅसॅच्युसेट्समधल्या बेडफर्ड असोसिएट्स या छोट्या कंपनीत डिक मॉर्ली आणि त्यांचे सहकारी याच प्रश्नावर काम करत होते. त्यांनी बनवलेल्या यंत्राचं नाव मॉडिकॉन ०८४. कंपनीचा तो चौऱ्याऐंशीवा प्रकल्प होता म्हणून ०८४.

त्यांनी या यंत्राला दिलेली भाषा मला फार महत्त्वाची वाटते. संगणकाची भाषा त्यांनी वापरली नाही. रिलेची आकृती कारखान्यातला इलेक्ट्रिशियन जशी काढतो, तशीच शिडीसारखी आकृती त्यांनी वापरली. दोन बाजूंना दोन उभ्या रेषा, मध्ये पायऱ्या. रात्रपाळीच्या इलेक्ट्रिशियनला नवं काही शिकायला न लागता बिघाड कुठे आहे ते बोट ठेवून दाखवता यावं, हा हेतू. यंत्र बनवणाऱ्याने दुरुस्त करणाऱ्याचा विचार आधी केला, अशी उदाहरणं तंत्रज्ञानाच्या इतिहासात थोडी आहेत. हे त्यातलं एक.

याच काळात दुसरा प्रवाह जपानमधून येत होता. आकड्यांच्या हुकमावर चालणारं यंत्रकाम अमेरिकेत एमआयटीने १९५२ साली दाखवलं होतं. जपानच्या फुजित्सू कंपनीत त्यावर काम झालं आणि १९७२ मध्ये तिच्यातून फॅनुक ही वेगळी कंपनी निघाली. तिची पिवळ्या रंगाची यंत्रणा पुढे पुण्याच्या शेडशेडमध्ये दिसू लागली. जर्मनीच्या सीमेन्सची सिमॅटिक एस-५ ही मालिका १९७९ची. आमच्या पिढीचं प्राथमिक शिक्षण या दोघांच्या कार्डांवर झालं.

परवान्यांचं राज्य

पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ साली आली. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झालं, आणि पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरीची ज्वारीची शेतं हळूहळू भूखंडांच्या क्रमांकांनी ओळखली जाऊ लागली. मोठ्या कारखान्यांच्या आसऱ्याने शेकडो लहान शेड उभ्या राहिल्या. मोठ्यांकडे परदेशी यंत्रं असत. आणि यंत्र आलं की काही वर्षांनी त्याचं कार्ड जळणार, हे ठरलेलंच.

जळलं की खरी परीक्षा सुरू होई. नवं कार्ड मागवायचं तर परकीय चलन हवं, त्यासाठी आयात परवाना हवा, परवान्यासाठी अर्ज, शिफारस, दिल्लीच्या फेऱ्या. त्यावर सीमाशुल्क. १९९१च्या जुलैमधल्या अर्थसंकल्पात सीमाशुल्काचा कमाल दर दीडशे टक्क्यांवर आणला गेला. 'आणला' म्हणजे खाली आणला. यावरून आधीची कल्पना यावी. कार्ड येईपर्यंत महिने जात. तोवर यंत्र उभं, आणि यंत्रावरचा माणूसही उभा. कायम कामगाराला पगार मिळे. ठेकेदाराकडच्या हेल्परला दुसऱ्या दिवशी येऊ नको म्हणून सांगितलं जाई.

या पोकळीत आमचा धंदा जन्मला, आणि तो इंजिनियरांनी सुरू केला नाही. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं, त्यानंतर गल्लोगल्ली टीव्ही दुरुस्त करणारे तयार झाले. त्याआधीचे रेडिओवाले होतेच. आयटीआय झालेले, पत्राने कोर्स केलेले, काही नुसतेच हाताने हुशार. कारखान्याच्या मेंटेनन्समधल्या एखाद्या माणसाच्या घरचा टीव्ही यांनी दुरुस्त केलेला असे. एक दिवस तो पिशवीतून कार्ड घेऊन येई : "जरा बघता का? नाहीतरी फेकायचंच आहे." हे वाक्य मी किमान चार जुन्या कारागिरांकडून त्यांच्या सुरुवातीची गोष्ट म्हणून ऐकलं आहे.

माझे गुरू असेच. त्यांना सगळे काका म्हणत, मीही काकाच म्हणे. पेठेतल्या एका वाड्याच्या ओसरीवर त्यांचं रेडिओ-टीव्हीचं दुकान होतं. १९८६ साली इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा घेऊन मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा दुकानातले टीव्ही मागे सरकले होते आणि पुढे कार्डांची चळत लागली होती. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्या हातात मल्टिमीटर दिला नाही. टूथब्रश आणि स्पिरिट दिलं. "आधी धू," म्हणाले. "निम्मी कार्डं मळाने आजारी असतात."

ते खरं होतं. आपल्याकडे कार्डाचे शत्रू कोणते, हे कुठल्याच परदेशी मॅन्युअलमध्ये लिहिलेलं नसे. ओतकामाच्या कारखान्यात लोखंडाची बारीक पूड कार्डावर बसते. पावसाळ्यात तिला ओल लागली की ती वीज वाहू लागते. कूलंटच्या वाफेचा तेलकट थर वेगळाच. पॅनेलचा एसी बंद पडला की दार सताड उघडून समोर टेबल फॅन लावायचा, ही आपल्याकडची सार्वत्रिक पद्धत. त्या पंख्याने धूळ अधिकच आत जाते. उबेला पाल येते, ती दोन फेजच्या मध्ये चिकटते. खंडेनवमीला पॅनेलवर वाहिलेली हळद-पिंजर जाळीतून आत गेलेली मी स्वतः काढली आहे. भक्तिभावाबद्दल तक्रार नाही. पण पूजा दाराबाहेर करावी, एवढं मी दरवर्षी सांगतो.

उष्णतेचा हिशेब तर साधा आहे. विजेच्या पुरवठ्यातले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर तापमान दहा अंशांनी वाढलं की अंदाजे निम्मंच आयुष्य जगतात, कारण त्यांच्या पोटातला द्रव सुकत जातो. युरोपात थंड शेडमध्ये वीस वर्षं टिकलेलं कार्ड पत्र्याच्या छपराखाली सात-आठ वर्षांत का मरतं, याचं उत्तर एवढंच. काका कार्ड हातात घेऊन आधी वास घेत. सुकलेल्या कपॅसिटरला मासळीसारखा वास येतो. नंतर मी महागडी उपकरणं घेतली, पण पहिली तपासणी अजून नाकानेच करतो.

गुरुवारचे विद्यार्थी

पुण्याच्या औद्योगिक पट्ट्याची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. म्हणून आमचा खरा कामाचा दिवस गुरुवार. यंत्र बंद असताना आत शिरायचं, कार्ड काढायचं, किंवा दुरुस्त केलेलं लावून पाहायचं. कार्ड दुकानात दुरुस्त झालं तरी ते यंत्रावर चाललं पाहिजे; आणि यंत्राची किंमत आमच्या साऱ्या दुकानाच्या कित्येक पट. पहिल्यांदा वीज देताना काका शंभर वॅटचा बल्ब सिरीजमध्ये लावत. आत शॉर्ट असला तर बल्ब पूर्ण पेटतो आणि कार्ड वाचतं. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला की सगळे श्वास सोडत.

सर्किटची आकृती कंपनी देत नसे. मग कार्ड उजेडाकडे धरून, एकेक रेघ मोजून आम्ही ती स्वतः काढायची. एकाच प्रकारची दोन कार्डं मिळाली, एक चांगलं, एक बिघडलेलं, तर सण. दोन्हींवरचे तेच बिंदू मोजायचे. जिथे आकडे वेगळे, तिथे रोग. ट्रान्झिस्टर-आयसीची माहिती टॉवर्सच्या ट्रान्झिस्टर सिलेक्टरमधून आणि जुन्या डेटाबुकांतून. सुटे भाग बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत. तिथे नाही मिळाले तर सकाळच्या गाडीने मुंबई, लॅमिंग्टन रोड. संध्याकाळी परत, रात्री सोल्डरिंग, पहाटे कारखाना.

भाषेचाही प्रश्न होता. एस-५च्या जर्मन आज्ञावलीत 'ई' म्हणजे आत येणारा संकेत आणि 'ए' म्हणजे बाहेर जाणारा, कारण जर्मन शब्द तसे. यंत्र बनवणाऱ्याने आज्ञांशेजारी लिहिलेल्या टिपाही जर्मनमध्ये. एकदा फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन शिकणाऱ्या एका मुलीला काकांनी चहा-पोह्यांवर बोलावून अशा टिपांची दोन पानं वाचून घेतली. तिला शब्द कळत होते, अर्थ लागत नव्हता. आम्हाला यंत्र कळत होतं, शब्द लागत नव्हते. दोघांचं मिळून भाषांतर झालं. काकांनी ते वहीत उतरवून घेतलं.

कारखान्याच्या हिशेबात दरवर्षी घसारा लागून ही यंत्रं कधीच शून्यावर आलेली असत. प्रत्यक्षात ती आणखी पंधरा-वीस वर्षं माल काढत. आपल्या लघुउद्योगाची स्वस्ताई केवळ स्वस्त मजुरीतून आली असं म्हणतात. शून्य किमतीची यंत्रं जिती ठेवणाऱ्या हातांचा वाटा त्यात कुणी मोजलेला नाही. नव्या कार्डाच्या किमतीचा साधारण पाव हिस्सा आम्ही घेत असू, आणि कार्ड चाललं नाही तर काहीच नाही.

१९९१ नंतर आयात मोकळी झाली, तेव्हा आता आपलं दुकान बंद, असं आम्हाला वाटलं. झालं उलटंच. जपान, जर्मनी, कोरियातली वापरलेली सीएनसी यंत्रं स्वस्तात येऊ लागली. कर्ज काढून एकच यंत्र घेणारे, कालपर्यंत ऑपरेटर असलेले नवे मालक तयार झाले. या यंत्रांबरोबर ना मॅन्युअल असे, ना हमी. आमचा धंदा दुप्पट झाला.

खोडलेले नंबर

आता वहीची गोष्ट.

कंपन्या आकृत्या देत नाहीत, आयसीवर स्वतःचेच सांकेतिक क्रमांक छापतात, काही भाग काळ्या राळेत बुडवून ठेवतात, याचा आम्हाला राग होता. पण दुरुस्ती झाली की काका पॉलिश पेपर घेऊन त्यांनी बदललेल्या आयसीवरचे नंबर घासून टाकत. पुढच्या वेळी हे कार्ड दुसऱ्या कारागिराकडे जाऊ नये म्हणून. मीही तेच शिकलो. भोसरीतले सगळेच हे करत. पोटाचा प्रश्न होता, आणि आमच्याकडे पेटंट नव्हतं, पॉलिश पेपर होता. काकांच्या वह्या कपाटात कुलुपात असत. मला एक वही, जर्मन टिपांची, उतरवायला मिळाली होती, बाकीच्या नाहीत.

काका २००९ साली गेले. त्यांचा मुलगा दुसऱ्या क्षेत्रात होता. मी दहाव्यानंतर वह्यांची चौकशी केली तेव्हा दुकान रिकामं झालं होतं. वह्या किलोवर गेल्या होत्या. मुलाला दोष देत नाही. त्या वह्यांत काय आहे, हे काकांनी त्यालाही सांगितलं नव्हतं.

२०१७ साली एका छोट्या ओतशाळेतून एक जुनं सर्वो ड्राइव्ह माझ्याकडे आलं. उघडल्याबरोबर मी ओळखलं. सोल्डरिंगचे थेंब काकांचे होते, एकसारखे, गुळगुळीत. कंपनीचा एक हायब्रिड भाग बाजारात मिळेनासा झाला होता; त्या जागी काकांनी स्वतः सुपारीएवढं कार्ड बनवून बसवलं होतं आणि वरून अराल्डाइट ओतलं होतं. तब्बल अठरा वर्षं ते चाललं होतं, असं मालक म्हणाले. आता ते मेलं होतं.

मी गरम हवेने अराल्डाइट मऊ करून खरवडलं. आत तीन आयसी होते. तिन्हींचे नंबर खोडलेले. साधे लॉजिक आयसी असते तर टेस्टरने ओळखले असते. हे ॲनालॉग होते. राळेबरोबर दोन रेघाही निघून आल्या. अकरा दिवस मी त्या सुपारीएवढ्या तुकड्यापाशी बसलो. काकांनी काय विचार केला असेल, हे त्यांच्या डोक्याने शोधू पाहिलं. दोन वेगवेगळे पर्याय बनवले. मोटर फिरली, पण भाराखाली थरथरली. बाराव्या दिवशी मालकांनी फोन केला, "राहू द्या साहेब." यंत्र भंगारात गेलं. त्यावर काम करणारे दोघे त्या आठवड्यात दुसरीकडे लागले, असं नंतर कळलं.

कंपनीने लपवलेली गोष्ट मी आयुष्यभर उकलत आलो होतो. माझ्याच गुरूने लपवलेली मला उकलता आली नाही. त्या दिवसापासून मी नंबर खोडणं बंद केलं.

आजचा प्रश्न

युरोपीय संघाने १ जुलै २००६ पासून इलेक्ट्रॉनिक वस्तूंतल्या शिशावर निर्बंध आणले आणि जगभरचं सोल्डर बदललं. १८३ अंशांना वितळणाऱ्या जुन्या मिश्रणाऐवजी २१७च्या पुढे वितळणारं आलं. आयसीचे पाय बाहेरून पोटाखाली गेले. दुरुस्तीला आता सूक्ष्मदर्शक आणि नियंत्रित गरम हवा लागते. ते शिकता येतं; माझ्याकडची डिप्लोमा झालेली मुलगी ते माझ्यापेक्षा चांगलं करते. पण प्रश्न हाताचा उरलेला नाही. अनेक यंत्रांत कार्ड आणि आज्ञावली एकमेकांना कुलूपबंद असतात. कार्ड निरोगी असूनही कंपनीच्या परवलीच्या शब्दाशिवाय ते चालत नाही.

ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. तिने प्राधान्याने घेतलेली क्षेत्रं चार : शेतीची यंत्रं, मोबाइल-टॅब्लेट, घरगुती उपकरणं आणि वाहनं. कारखान्यातलं यंत्र त्यात नाही. ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी हेतूने वस्तू घेणारा ग्राहकच ठरत नाही. स्वतःच्या उपजीविकेसाठी घेणाऱ्याला तेवढा अपवाद आहे. कर्जावर एक सीएनसी घेऊन दोन माणसं कामाला ठेवणारा मालक या रेषेच्या कुठल्या बाजूला, हे त्याने वकिलाला विचारावं.

२०२० च्या टाळेबंदीनंतर आणि पुढच्या चिपटंचाईत काही महिने आमची किंमत सगळ्यांना कळली. नवे ड्राइव्ह मिळायला अर्धं वर्ष लागत होतं; माळ्यावर टाकलेली कार्डं शोधून लोक माझ्याकडे आणत होते. टंचाई संपली आणि ते विसरलं गेलं. दुरुस्तीची आठवणही त्या स्मृतीसारखीच. प्रवाह थांबला की पुसली जाते.

म्हणून सेल कुणीतरी वेळेवर बदलला पाहिजे. गेली काही वर्षं मी माझ्या सदतीस वह्या स्वच्छ उतरवून घेतो आहे. कोणतं कार्ड, कोणता रोग, कोणता भाग, कोणता नंबर. काढलेल्या आकृत्याही. दोन जुन्या कारागिरांनी त्यांच्या वह्या दिल्या. तिसऱ्याने विचारलं, "मग आम्ही खायचं काय?" त्याचा प्रश्न खोटा नाही, आणि मला त्याला पटेल असं उत्तर अजून देता आलेलं नाही. एवढंच सांगितलं, की काकांचे नंबर वाचले असते तर ते यंत्र वाचलं असतं, आणि त्याबरोबर काकांचं नावही.

दिवाळी आली आहे. ज्यांच्या शेडमध्ये जुनं यंत्र असेल त्यांनी सुट्टीला जाण्याआधी सेल तपासावा, यंत्र चालू ठेवून बदलावा, आणि पॅरामीटर उतरवून घ्यावेत. कागदावर उतरवले तरी चालतील, फक्त तो कागद रद्दीत देऊ नये.